न पाहिलेली माकडं, मांजरासारखे वाघ आणि ठाण मांडून बसलेला बेडूक : जपानी शाईचित्रांतला झेन

शाईचा_डाग
परवा वॉलपेपरच्या धाग्यावर कोणीतरी काळ्या शाईतल्या बगळ्याचं चित्र टाकलं आणि खाली झाडून सगळ्यांनी 'किती शांत', 'अगदी झेन वाटतं' असं लिहिलं. तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं म्हणून वेगळा धागा काढतेय.

आपल्याकडे झेन म्हटलं की स्पाचं ब्रोशर डोळ्यासमोर येतं, गुळगुळीत गोटे, बांबू, पाण्याचा थेंब वगैरे. पण झेन म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ, आणि त्याच्या ज्या मठांतून ही चित्रं आली तिथले म्हातारे भिक्षू एक नंबरचे खवचट होते, आणि त्यांच्या चित्रांतले प्राणी बऱ्याचदा बघणाऱ्याची फिरकी घ्यायला बसवलेले असतात असं माझं ठाम मत झालंय.

हाकुइन एकाकू घ्या (१६८६-१७६९). फुजी पर्वताजवळ, तोकाइदो हमरस्त्यावरच्या हारा गावातल्या शोइन-जी या साध्याशा देवळाचा प्रमुख. एका हाताच्या टाळीचा आवाज कसा असतो हा प्रश्न शिष्यांच्या मागे लावणारा तो हाच. म्हातारपणी यानं सपाटून चित्रं काढली. त्यात एक माकड आहे, एका हातानं फांदी धरून लोंबकळतंय आणि दुसरा हात खाली पाण्यातल्या चंद्राकडे, तो हातही नको तितका लांब. बाजूला मजकूर आहे त्याचा मतलब असा की हे माकड मरेपर्यंत चंद्राचा नाद सोडणार नाही, पण त्यानं फांदी सोडली आणि डोहात गडप झालं तर सगळं जग लख्ख उजळेल. आता आपल्या वळणाची नीतिकथा असती तर 'चंद्र खोटा आहे, मोह आवर' असं सांगून मोकळी झाली असती. हा बुवा म्हणतो चंद्राचं राहू दे बाजूला, फांदी सोड. म्हणजे ज्याच्या आधारानं तू सुरक्षित बसून उपदेश ऐकतोयस तेच सोड. हे वाचून मला तरी शांत बिंत वाटत नाही, पोटात गोळा येतो.

दुसरा सेंगाइ गिबोन (१७५०-१८३७), हाकाताच्या शोफुकु-जी मठाचा प्रमुख. हा मठ ११९५ सालचा, जपानातला पहिला झेन मठ मानतात, म्हणजे मोठी गादी. आणि या गादीवरच्या माणसानं काय काढलं तर बेडूक. चार-सहा फटकाऱ्यांत एक गोळा, पुढे दोन पाय टेकलेले, तोंडाची रेघ कानापर्यंत गेलेली, म्हणजे सरळ सरळ हसतोय. शेजारी अर्धंच वाक्य: झाझेन करून, म्हणजे ध्यानाला बसून, माणूस जर बुद्ध होत असेल तर... संपलं. पुढचं तुम्ही बेडकाकडे बघून पूर्ण करायचं. तो जन्मापासून बसलेलाच आहे!

तिसरं चित्र जोसेत्सूचं, १४१५ च्या आसपासचं, क्योतोच्या म्योशिन-जी संकुलातल्या ताइझो-इन या मठाचं. ओढ्याकाठी एक फाटका माणूस दोन्ही हातांत भोपळा धरून उभा आणि पाण्यात मागूर मासा. विषय काय तर गुळगुळीत भोपळ्यानं बुळबुळीत मागूर कसा पकडायचा. आशिकागा घराण्याचा चौथा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, योशिमोची यानं हा प्रश्न काढला, जोसेत्सूकडून चित्र करून घेतलं आणि मग झेन मठांतल्या ३१ भिक्षूंना उत्तरं लिहायला बसवलं. एक म्हणतो पकड तर छानच आहे, अजून छान करायचं असेल तर भोपळ्याला तेल लाव. दुसरा म्हणतो माशाचं सार करू, भात नसेल तर नदीतली वाळू उपसून शिजवू. हे त्या काळातले मोठमोठे मठाधिपती बरं का! आज ते चित्र जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

तर बोला. अजून कोणते प्राणी आठवतात? आणि मला हसू येतं तसं तुम्हालाही येतं का?

तिरकस
शाईताई, लेख झकास. पण एक शंका विचारू? दोन फटकारे मारायचे, तीन चतुर्थांश कागद कोरा सोडायचा आणि वर गूढ वाक्य लिहायचं. माझा पुतण्या बालवाडीत हेच करतो, फक्त त्याच्याकडे मठ नाहीये. राष्ट्रीय ठेवा ठरवतं कोण आणि कशावरून?

कोरडा_ब्रश
@तिरकस, मी हौसेनं शाईकाम करतो म्हणून सांगतो. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, आणि वाशी हा पातळ जपानी कागद शाई टेकताक्षणी पिऊन टाकतो. हात अर्धा सेकंद थबकला तर तिथे डाग फुगतो, घाई केली तर रेघ फाटते. ऑइलमध्ये चुकलं की वरून रंग थापता येतो, इथे चूक कायमची. त्यामुळे सेंगाइच्या बेडकाची पाठ एका दमात आलेली दिसते तशी काढून बघच, पुतण्यालाही सांग.

आणि सगळंच काही दोन फटकाऱ्यांचं नसतं. मुचीची माकडं बघ (जपानी लोक त्याला मोक्केइ म्हणतात). तेराव्या शतकातला चिनी भिक्षू, दक्षिण सुंग काळ संपत आला तेव्हाचा. क्योतोच्या दाइतोकु-जी मठात त्याची तीन उभी चित्रं आहेत, मध्ये पांढऱ्या वस्त्रातली कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, एका बाजूला बांबूतून बाहेर येणारा क्रौंच चोच उघडून ओरडतोय, आणि दुसऱ्या बाजूला पाइनच्या फांदीवर पिल्लाला कवटाळून बसलेली माकडीण. झूम करून बघितलं तर अंगावरचे केस बारीक बारीक कोरड्या फटकाऱ्यांनी उभे केलेत, हजारो असतील, आणि त्या केसाळ गोळ्यात चेहरा म्हणजे फिकट चकती, त्यात डोळे, नाक, तोंड मिळून चार ठिपके. ती समोर बघते, सरळ तुमच्याकडे. फांदीची साल मात्र ओबडधोबड, खरबरीत, जणू गवताच्या जुडीनं ओढलेली. एकाच चित्रात हे दोन्ही! तिन्ही चित्रं मुळात एकत्रच केली होती की नंतर एकत्र टांगायला लागले यावर अजून वाद चालू आहे.

शाईचा_डाग
वा कोरडा_ब्रश, मुची आणलास ते बरं केलंस. त्याचा किस्सा तिरकसला आवडेल. चीनमध्ये त्याला फारशी किंमत नव्हती, चौदाव्या शतकातल्या एका चिनी चित्रकोशात त्याच्यावर शेरा आहे की काम ओबडधोबड, जुन्या पद्धतीला धरून नाही, रसिकांनी बाळगावं असं नाही. म्हणजे पुतण्याचा मुद्दा सहाशे वर्षांपूर्वी मांडून झालाय. पण जपानी भिक्षू शिकायला चीनला जायचे ते येताना ही चित्रं घेऊन आले, पुढे शोगुनांच्या संग्रहात गेली, आणि तिथून पुढची दोनअडीचशे वर्षं जपानी चित्रकार मुचीची माकडं गिरवत बसले.

रानवाटा
एक मिनिट, कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. ही माकडं नाहीत, गिबन आहेत. गिबन हा शेपूट नसलेला वानर, हात पायांपेक्षा कितीतरी लांब, हातांनीच झाडावरून झुलत जातो. आणि जपानात गिबन नाही! कधीच नव्हता. जपानात आहे तो मकाक, लाल तोंडाचा, आखूड शेपटीचा, हिवाळ्यात गरम पाण्याच्या कुंडात बसलेले फोटो सगळ्यांनी बघितलेत ना तोच. म्हणजे दाराबाहेर खरी माकडं ओरडतायत आणि हे लोक न पाहिलेल्या चिनी प्राण्याची चित्रं काढतायत.

भारतात मात्र गिबन आहे हो, आसामच्या बाजूला, हूलॉक. पहाटे जोडीनं ओरडतात तेव्हा जंगल दणाणतं. चित्रातल्यासारखं अबोल जनावर नाहीच ते.

शाईचा_डाग
रानवाटा, मला नेमकं तेच आवडतं! सगळ्यात मोठं उदाहरण हासेगावा तोहाकू (१५३९-१६१०). नोतो भागातल्या नानाओचा, क्योतोत येऊन नाव काढलं, धुक्यातल्या पाइन झाडांचा तो प्रसिद्ध पडदा याचाच. म्योशिन-जीमधल्या र्‍योसेन-आन मठात त्याची वठलेल्या झाडावरची माकडं आहेत. मुचीची मादी त्यानं जवळजवळ उचललीच आहे पण स्वतःचं काय घातलं तर अख्खं कुटुंब, पिल्लू आईच्या खांद्यावर चढलेलं, दुसरीकडे एक जण फांदीला लटकून झुलतोय. मुचीची मादी पिल्लाला धरून असली तरी एकाकी आणि जराशी भीतीदायक आहे, तोहाकूकडे घरपण आलं. फांद्या मात्र सपासप तलवारीसारख्या.

आणि मकाक का काढला नाही? तर माझ्या मते गिबन त्यांच्या दृष्टीनं पुस्तकातला प्राणी होता, चिनी कवितांमधून आलेला, दरीत ओरडणारा. रोज शेतातली पिकं खाणारं माकड कोण मठाच्या भिंतीवर लावतो?

अजिंठाप्रेमी
माकडावरून आठवलं, अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात महाकपी जातक आहे, वानरांचा राजा स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि बाकीचे त्याच्या पाठीवरून निसटतात. तीच कथा जपानात जाऊन चंद्राची झाली का?

शाईचा_डाग
नाही, ही दुसरी. चंद्राची गोष्टही इथलीच आहे पण जातकातली नाही, महासांघिक पंथाच्या विनयात येते, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात. फाहियान हा चिनी यात्रेकरू पाटलीपुत्राहून त्याची पोथी घेऊन गेला आणि पाचव्या शतकात तिचं चिनी भाषांतर झालं. गोष्ट अशी की वाराणसीजवळच्या रानात पाचशे माकडं, वडाच्या झाडाखाली विहीर, विहिरीत चंद्र. म्होरक्या म्हणतो अरेरे चंद्र मेला, विहिरीत पडला, काढायला पाहिजे नाहीतर जग अंधारात बुडेल. मग मी फांदी धरतो, तू माझी शेपूट धर, त्याची शेपूट पुढच्यानं धरायची अशी साखळी झाली, पाण्याला टेकणार तेवढ्यात फांदी मोडली आणि सगळे आत.

महाकपीत राजा सगळ्यांना वाचवतो, इथे पुढारी सगळ्यांना बुडवतो. (यावर राजकीय प्रतिसाद नकोत प्लीज, धागा बंद होईल.)

रानवाटा
हात्तिच्या! म्हणजे मूळ गोष्टीत शेपट्यांची साखळी आणि जपानी चित्रांत हातांची. गिबनला शेपूटच नाही, मग हातात हात घालूनच लोंबकळायला लागणार. गोष्ट वाराणसीहून निघाली आणि वाटेत शेपूट गळाली.

शाईचा_डाग
हो! आणि हाकुइननं तर साखळीच काढून टाकली, एकच माकड ठेवलं. पाचशे असले की दोष म्होरक्यावर ढकलता येतो, एकटं असलं की कुठे जाणार.

बसा_जरा
मी इगतपुरीला दहा दिवसांची शिबिरं केलेली आहेत, त्यामुळे बेडकाचा विनोद जरा झोंबला. ध्यानाला बसणं म्हणजे बेडूक होणं, असं जर एका मठाचा प्रमुखच म्हणतो तर तो स्वतः सकाळी उठून काय करत होता? बसतच होता ना? का लोकांना हसवायचं आणि आपण गुपचूप बसायचं?

शाईचा_डाग
बसा_जरा, राग मानू नका. तो स्वतः लहान वयात भिक्षू झालेला, आयुष्यभर बसला. या विनोदाच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. आठव्या शतकात चीनमध्ये माझू नावाचा तरुण भिक्षू रात्रंदिवस ध्यानाला बसायचा. त्याचे गुरू नान्यूए यांनी विचारलं कशाला बसतोस, म्हणाला बुद्ध व्हायला. गुरूंनी एक कौल उचललं आणि दगडावर घासायला लागले. हे काय? आरसा करतोय. कौल घासून आरसा कसा होईल? मग बसून बुद्ध कसा होईल?

आणि हा माझू पुढे त्या परंपरेतला सगळ्यात मोठ्या गुरूंपैकी एक झाला, बसणं काही बंद पडलं नाही. म्हणजे टोला बसण्याला नाही, 'मी इतकं बसलो आता माझं काय ते द्या' या हिशेबाला आहे. सेंगाइनं तेच बेडकाकडून वदवलं. मला तर वाटतं तो बेडूक त्याच्या स्वतःच्या शिष्यांसाठीच होता, बाहेरच्यांना काय फरक पडतो.

बसा_जरा
कौलाची गोष्ट पटली. शिबिरात अगदी हेच सांगतात की अपेक्षा ठेवून बसू नका, पण सगळे ठेवतातच. तरीही तो बेडूक हसतो जरा जास्तच.

चहाबाज
सेंगाइ म्हणजे तोच ना ज्यानं एक गोल काढून शेजारी 'हे खा आणि चहा प्या' असं लिहिलं? झेनमध्ये वर्तुळ म्हणजे केवढी भारी गोष्ट, पूर्णत्व, शून्य, काय काय. आणि हा म्हणतो लाडू समजा. आपला माणूस!

शाईचा_डाग
तोच! तिथे लाडवाऐवजी मांजू म्हणजे गोड सारणाचा बन धरायचा. लोक त्याला चित्रांसाठी इतके पिडायचे की त्यानं एक कविताच केली, माझी झोपडी म्हणजे संडास आहे का, येणारा प्रत्येक जण कागद ठेवून जातो. १८३२ मध्ये तर दगडावर कोरून जाहीर केलं की आता ब्रश बंद. आणि मग पुन्हा काढतच राहिला, लोक काही ऐकेनात.

त्याचं कुत्र्याचं पिल्लूही बघा. दोरीनं खुंटाला बांधलेलं, आणि वर लिहिलंय नुसतं केकाटणं, आपल्याकडे 'क्यांव क्यांव' म्हणू तसं. झेनमधलं कुत्रं म्हटलं की सगळ्यांना जोशू या चिनी गुरूला विचारलेला प्रश्न आठवतो, कुत्र्यात बुद्धत्व आहे का आणि उत्तर 'मू', म्हणजे नाही. त्या एका शब्दावर भिक्षू वर्षानुवर्षं डोकं आपटत बसतात. सेंगाइचं पिल्लू त्यावर काय म्हणतं तर क्यांव.

तिरकस
आत्ता कुठे पटायला लागलं. पुतण्याला अजून थोडा वाव आहे तर.

घाटावरचा_बैल
आमच्या नावाची लाज राखा, बैल कुठे गेला? दहा चित्रांची बैलाची मालिका असते ना?

शाईचा_डाग
असते की, आणि ती सगळ्यांना माहीत असते म्हणून मी टाळली होती. थोडक्यात सांगते. बाराव्या शतकातल्या काकुआन या चिनी गुरूच्या दहा कविता. गुराखी हरवलेला बैल शोधतो, खूर दिसतात, बैल दिसतो, धरतो, माणसाळवतो, त्याच्यावर बसून बासरी वाजवत घरी येतो. बैल म्हणजे आपलंच मन, आपल्याकडे शाळेच्या कवितेतही मन मोकाट ढोरच असतं. सातव्या चित्रात बैल गायब, आठव्यात गुराखीही गायब, नुसतं रिकामं वर्तुळ. दुसरी एक मालिका होती तिच्यात बैल हळूहळू काळ्याचा पांढरा होत जातो आणि शेवट वर्तुळावर. काकुआन मात्र थांबत नाही, नवव्यात झाडं-पाणी परत येतं आणि दहाव्यात ढेरपोट्या माणूस बाजारात जातो, दारुडे-खाटकांमध्ये मिसळतो. क्योतोच्या शोकोकु-जी मठात पंधराव्या शतकातली गुंडाळी आहे, शूबुन या चित्रकाराच्या नावावर सांगतात. रिकामं वर्तुळ सगळे टीशर्टवर छापतात, बाजार कोणी छापत नाही.

पुणेकर_नाइलाजाने
शोकोकु-जी म्हणजे चित्रकार सेश्शू जिथे शिकला तो मठ का? सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात कोणीतरी सांगत होतं की सेश्शू ओकायामाचा. उंदराची गोष्ट त्याचीच ना?

शाईचा_डाग
बरोब्बर. सेश्शू तोयो (१४२०-१५०६), आजच्या ओकायामा प्रांतातल्या सोजाचा. लहानपणी तिथल्या होफुकु-जी मठात ठेवलेला, अभ्यास सोडून चित्रं काढतो म्हणून गुरूंनी खांबाला बांधलं. संध्याकाळी येऊन बघतात तर पायाशी उंदीर, हाकलायला गेले तर हलेना, पोरानं जमिनीवर पडलेल्या आसवांत पायाचा अंगठा बुडवून काढलेला. गोष्ट छान आहे पण लिहून ठेवली गेली ती सतराव्या शतकाच्या शेवटी, तो जाऊन पावणेदोनशेच्या वर वर्षं झाल्यावर. खरा सेश्शू शोकोकु-जीत शूबुनच्या हाताखाली तयार झाला, १४६७ च्या सुमारास चीनला गेला. त्याच्या हातचा उंदीर मात्र कुठे शिल्लक नाही.

ओसाका_मुक्काम
इकडे कामानिमित्त आहे म्हणून जरा व्यवहाराचं बोलतो, कारण ट्रिप ठरवणारे असतील. ही चित्रं कधीही गेलं की भिंतीवर असतात असं समजू नका. कागद-रेशीम उजेडानं खराब होतं म्हणून थोडेच आठवडे लावतात आणि परत पेटीत. ताइझो-इनला गेलात तर मागूर माशाची प्रतिकृती दिसते, मूळ चित्र क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे ठेवलेलं आहे. दाइतोकु-जीची मुचीची त्रयी ऑक्टोबरमध्ये एका दिवशी इतर गुंडाळ्यांबरोबर हवा द्यायला बाहेर काढतात तेव्हाच सहसा बघायला मिळते, पाऊस असला तर तेही बोंबललं.

वेळ असेल तर वाकायामाच्या टोकाला कुशिमोतोला जा. मुर्‍यो-जी नावाचं देऊळ, १७०७ च्या त्सुनामीत वाहून गेलेलं, १७८६ मध्ये परत बांधलं. तिथल्या प्रमुखानं आपला मित्र मारुयामा ओक्योला चित्रांसाठी बोलावलं, ओक्योला सवड नव्हती म्हणून त्यानं शिष्य नागासावा रोसेत्सूला धाडलं. यानं सरकत्या दारांवर एवढा मोठा वाघ काढला की दारांत मावत नाही, झेप घेतानाचा. आणि त्याच दारांच्या पाठीमागे मांजर आहे, पाण्यातल्या माशांवर टपलेलं! काही जण म्हणतात की पुढचा वाघ म्हणजे माशाला दिसणारं मांजरच.

चहाबाज
म्हणूनच तो वाघ इतका मांजरासारखा दिसतो? मी फोटो बघून हसलो होतो, पंजे तर अगदी आमच्या बोक्याचे.

रानवाटा
जपानात वाघही नाही. कातडी यायची चीन-कोरियाकडून, त्यावरून आणि घरच्या मांजरावरून काम भागवायचे. जिवंत वाघाची बाहुली गोल असते, पण कित्येक जपानी चित्रांत मांजरासारखी उभी चीर दिसते, तिथेच पितळ उघडं पडतं. बिबट्या म्हणजे वाघाची बायको असाही समज होता, म्हणून किल्ल्यांतल्या भिंतींवर पट्टेवाले आणि ठिपकेवाले एकत्र सुखानं नांदतात.

शाईचा_डाग
सेंगाइनं तर वाघ काढून शेजारी लिहूनच टाकलं, मांजरासारखं काहीतरी. दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत!

पण वाघांतलं माझं सगळ्यात आवडतं मोकुआनचं 'चार झोपलेले'. मोकुआन रेइएन हा चौदाव्या शतकातला जपानी भिक्षू, चीनला गेला आणि तिकडेच वारला. चित्रात बुकान नावाचा म्हातारा गुरू, त्याचा वाघ, आणि कान्झान-जित्तोकू ही वेडगळ जोडगोळी, चौघं एकमेकांच्या अंगावर रेलून गाढ झोपलेत. नीट बघा, कोणाचा हात कुठला ते पटकन कळत नाही. वाघाचा चेहरा आणि गुरूचा चेहरा जवळजवळ सारखा आहे, दोघांच्याही डोळ्यांच्या नुसत्या मिटलेल्या रेघा. सगळी चित्रपरंपरा वाघाला डरकाळ्या फोडायला लावते, वारा सुटलाय, समोर ढगात ड्रॅगन, आणि इथे तो घोरतोय. बगळ्याखाली 'शांत' लिहिणाऱ्यांनी इथे खुशाल लिहा, माझी हरकत नाही.

कोरडा_ब्रश
हसण्यावारी चाललंय म्हणून एक न हसणारं चित्र सांगतो. मियामोतो मुसाशी, तलवारबाज, १६४५ मध्ये गेला, तो चित्रंही काढायचा. 'वठलेल्या फांदीवरचा खाटीक पक्षी', ओसाकाजवळ इझुमीच्या कुबोसो संग्रहालयात आहे. खालून वर एकच रेघ गेलीय, काठीसारखी सरळ, एका झटक्यात, आणि टोकाला पक्षी. बराच वेळ बघितल्यावर कळतं की फांदीवर मध्यावर एक अळी आहे आणि ती वर चढतेय, पक्ष्याच्याच दिशेनं. खाटीक काय करतो ते रानवाटा सांगेल.

रानवाटा
काट्यावर टोचून ठेवतो भक्ष्य. आपल्याकडेही माळरानावर बाभळीच्या काट्याला नाकतोडे खोचलेले दिसतात. त्या अळीचं काही खरं नाही.

शाईचा_डाग
कोरडा_ब्रश, मान्य, हे हसायचं नाही. पण मुसाशीनं अळी काढली आहे हे विसरू नकोस. नुसती ती रेघ दाखवायची असती तर पक्षी पुरेसा होता. झेनचं म्हणशील तर यात कोणी उपदेश लिहिलेला नाही, त्यामुळे मी याला झेनचित्र म्हणायला जरा बिचकते. तलवारबाज म्हणजे झेन हे समीकरण पुढच्या लोकांनी फार ताणलंय.

कोरडा_ब्रश
बिचक खुशाल. मला त्या रेघेत दिसतं ते दिसतं.

अजिंठाप्रेमी
प्रश्न जरा बाजूचा आहे. जपानी चित्रकार अजिंठ्याला आले होते असं ऐकलंय, ते हेच शाईवाले का?

शाईचा_डाग
आले होते, पण ते विसाव्या शतकातले. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कलकत्त्याला आले, अवनींद्रनाथ ठाकुरांनी त्यांची पाण्यानं रंग विरवण्याची पद्धत बघून आपली वॉश पद्धत बसवली. पुढे आराइ काम्पो जोरासांकोला, म्हणजे ठाकुरांच्या कलकत्त्यातल्या वाड्यात, शिकवायला आला आणि त्यानं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रती १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात जळाल्या. यावर वेगळा धागा काढ ना, मी येईन.

निरागस_प्रश्न
सगळं वाचून हुरूप आलाय, बेडूक काढून बघणार आहे. शाई कोणती आणू? आणि शाकाहारी आहे म्हणून विचारते, शाईत सरस असतो म्हणतात ते खरं का?

कोरडा_ब्रश
खरं आहे. सुमी, म्हणजे पारंपरिक जपानी शाई, यात असते काजळी आणि निकावा, म्हणजे कातडं-हाडं उकळून केलेला सरस. काजळी तेलाच्या दिव्याची किंवा पाइनच्या लाकडाची, दोन्ही मळून वड्या पाडतात. नारा हे त्याचं जुनं केंद्र, आणि काम थंडीच्या महिन्यांतच चालतं कारण उन्हाळ्यात सरस कुजतो. म्हणजे बुद्धाचं चित्र असो नाहीतर बेडकाचं, जनावर शाईतच असतं. ब्रशही बकरी, घोडा, वीझल यांच्या केसांचे.

चालणार नसेल तर आपल्या जुन्या पोथ्यांची शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची असायची, ती घरी जमते. कागद मात्र जपानी नाही मिळाला तर साधा हातकागद घे, कार्ट्रिज पेपरवर हे काम होत नाही, शाई वरच तरंगते.

निरागस_प्रश्न
आणि ती बाटलीतली तयार शाई मिळते ती?

कोरडा_ब्रश
सुरुवातीला चालेल, काहींमध्ये सरसाऐवजी कृत्रिम रेझिन असतं, लेबल वाचून घे. फक्त काम झालं की ब्रश लगेच धू, गार पाण्यात, साबण न लावता. रेझिनवाली शाई मुळाशी वाळली की तो ब्रश गेलाच समज.